शाहिरांत श्रेष्ठ कोण?

जुन्या मराठी कवितेचे संत, पंत आणि तंत असे तीन विभाग करण्याचा प्रघात आहे. त्यांपैकी तंतकवी म्हणजे तुणतुण्याच्या साथीने कवने गाणारे शाहीर. उत्तर पेशवाईत त्यांच्या कलेला मोठा बहर आला, आणि त्यांत श्रेष्ठ कोण, हा वाद रसिकांत चालत राहिला. वस्तुतः स्पर्धा हा शाहिरीचा प्राणच होय. शिवाचे श्रेष्ठत्व मांडणारे तुरेवाले आणि शक्तीचा महिमा गाणारे कलगीवाले यांचे सवालजवाब रात्र रात्र रंगत.

इंग्रजी अमलात हा वाद फडातून ग्रंथांत गेला. १८९१ साली ॲक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध केला. गायकांच्या मुखी असलेली कविता अशा रीतीने वाचकांच्या हाती आली. पण कानांनी ऐकावयाची रचना डोळ्यांनी वाचली जाऊ लागली की तिची मोजमापेही पालटतात.

या नव्या मापाने सोलापूरच्या राम जोशाची बाजू सर्वांत भक्कम ठरते. तो संस्कृतात व्युत्पन्न होता; यमक आणि श्लेष त्याच्या लावणीत सहज खेळतात. मोरोपंतांच्या कवितेचा त्याला लळा होता आणि पुढे तो कीर्तनाकडे वळला. पंडितांना तो आपलासा वाटला यात नवल नाही.

परंतु संगमनेरच्या अनंत फंदीला या तराजूत कसे तोलावे? त्याच्या फटक्यात अलंकारांचा सोस नाही. आहे तो संसारी माणसाला केलेला रोखठोक उपदेश. प्रभाकराचे सामर्थ्य आणखी निराळे. सवाई माधवरावांच्या वैभवाचे रंग त्याने रंगविले आणि १८१८ साली बुडालेल्या राज्याचा शोकही त्यानेच गाइला. एका पिढीचा अभिमान आणि दुःख त्याच्या पोवाड्यांत साठलेले आहे. सिन्नरजवळच्या वावीचा परशराम जातीने शिंपी, तर जेजुरीचा सगनभाऊ मुसलमान शिकलगार. या दोघांकडे पंडिती विद्येचे पाठबळ नव्हते. तरी त्यांची कवने लोकांनी जपली. केवळ व्युत्पत्ती हीच कसोटी मानली, तर या दोघांवर अन्याय होतो.

या वादातील खरी मेख मात्र होनाजी बाळा या नावात आहे. वरवर पाहता हे नाव एकाचे वाटते. प्रत्यक्षात ती दोन माणसे. होनाजी शिलारखाने हा गवळी कवने रची आणि बाळा करंजकर ती गाई. लोकांनी दोघांची नावे अशी जोडली की ती आज वेगळी काढणे कठीण झाले आहे. होनाजीच्या नावावर असलेली 'घनश्याम सुंदरा' ही भूपाळी १९५१ साली 'अमर भूपाळी' या चित्रपटातून पुन्हा घरोघरी पोचली, तीही वसंत देसाई यांच्या संगीतामुळे आणि लता मंगेशकर व पंडितराव नगरकर यांच्या कंठांमुळे. शतकाहून अधिक काळ लोटल्यावरही होनाजीला बाळाची गरज पडलीच.

गीत हे मुळात एकट्याचे नव्हे. शब्दाला चाल हवी, चालीला गळा हवा आणि गळ्याला ऐकणारा समाज हवा. कागदावर पहिला क्रमांक राम जोशाला देता येईल. परंतु फडाचा निवाडा निराळा होता. ज्याचे कवन ऐकून घरी परतणारा माणूस वाटेत तेच गुणगुणत असे, त्या शाहिराला त्या रात्रीपुरते तरी श्रेष्ठत्व लाभत असे. ज्यांची कवने आजही कोणाच्या ना कोणाच्या ओठी आहेत, त्यांच्यापुरता हा निवाडा अद्याप फिरलेला नाही.