पेशींची धूळ आणि आतड्याचा कॅन्सर

आज आपल्याला मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या निदानाबद्दल बोलायचं आहे, पण सुरुवात कचऱ्यापासून करू. आपल्या शरीरातल्या पेशी अतिशय बारीक पिशव्या बाहेर सोडत असतात. त्यांना पुटिका म्हणतात. शंभर नॅनोमीटरची एक पुटिका धरली, तर केसाच्या जाडीत अशा सातआठशे पुटिका ओळीने मावतील. या पुटिकांवरची प्रथिनं तपासून रक्तातूनच आतड्याचा कॅन्सर ओळखता येईल का, हा आजचा प्रश्न. तो इथवर कसा आला हे पाहिलं, की त्याचं उत्तर देताना एवढं सावध का राहावं लागतं तेही कळतं.

१९४६ साली अर्विन चारगाफ आणि रँडॉल्फ वेस्ट यांनी रक्तद्रव सेंट्रिफ्यूजमध्ये फार वेगानं फिरवला. तळाशी जो साका बसला, त्यात रक्त गोठवण्याचा गुण होता. पुढे १९६७ मध्ये पीटर वुल्फ यांनी हे कण प्लेटलेट्समधून येतात असं दाखवलं आणि त्यांना नाव दिलं 'प्लेटलेटची धूळ'. नावावरूनच तेव्हाची दृष्टी कळते. धूळ झाडायची असते, वाचायची नसते.

आता कॅनडातल्या माँट्रियल शहरात जाऊ. तिथल्या मॅकगिल विद्यापीठात या गोष्टीचे दोन धागे आहेत.

पहिला धागा १९६५ सालचा. फिल गोल्ड आणि सॅम्युएल फ्रीडमन कॅन्सरच्या पेशीत असं काही शोधत होते, जे निरोगी पेशीत नसतं. त्यांनी मोठं आतडं निवडलं, कारण शस्त्रक्रियेत गाठीबरोबर शेजारचा निरोगी भागही काढला जातो. म्हणजे एकाच माणसाचे दोन्ही नमुने शेजारीशेजारी ठेवून तुलना करता येते. त्यांना एक प्रथिन सापडलं. तेच गर्भाच्या आतड्यातही आढळलं, म्हणून नाव पडलं कार्सिनोएम्ब्रिऑनिक अँटिजेन, थोडक्यात सीईए. १९६९ मध्ये ते रक्तात मोजायची पद्धत आली. पहिल्या अभ्यासात आतड्याचा कॅन्सर असलेल्या जवळजवळ सगळ्या रुग्णांत ते सापडलं. केवढा आनंद झाला असेल, कल्पना करा.

पण मग चाचणी मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. सीईए सिगारेट ओढणाऱ्यांत वाढलेलं दिसलं, यकृताच्या आजारात दिसलं, आतड्याला सूज असलेल्यांत दिसलं. आणि कॅन्सर अगदी सुरुवातीला असताना, म्हणजे ज्या वेळी तो कळायला हवा नेमका त्याच वेळी, अनेकांत ते वाढलेलं नव्हतं. आज सीईए उपयोगी आहे, पण ते ऑपरेशननंतर आजार परततो का हे पाहण्यासाठी. निरोगी माणसांत आजार हुडकायला ते वापरत नाहीत.

दुसरा धागा १९८३ चा. तिथल्याच रोझ जॉनस्टोन आणि बिन-ताओ पॅन मेंढीच्या कोवळ्या तांबड्या पेशी तपासत होते. कोवळ्या पेशीला लोह आत घ्यायला एक प्रथिन लागतं. पेशी जून झाली की त्याची गरज संपते. मग ते जातं कुठे? दिसलं असं, की पेशी ते पुटिकांत भरून बाहेर टाकते. त्याच वर्षी अमेरिकेतल्या सेंट लुईसमधल्या गटानंही हेच पाहिलं. १९८७ मध्ये जॉनस्टोन यांनी या पुटिकांसाठी 'एक्झोसोम' हे नाव वापरलं. तरीही बहुतेकांचं मत एकच होतं: पेशी आपला केर बाहेर टाकते, एवढंच.

हे मत बदलायला १९९६ उजाडावं लागलं. ग्रासा रापोसो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की प्रतिकारशक्तीच्या बी पेशींनी सोडलेल्या पुटिका दुसऱ्या पेशींना चेतवू शकतात. म्हणजे हा नुसता केर नव्हता, यात टपालही होतं. टपाल म्हटलं की पाठवणाऱ्याचा पत्ता आलाच. २०१० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी आतड्याच्या कॅन्सरपेशींतून निघालेल्या पुटिका ए३३ या प्रथिनाला धरून वेगळ्या केल्या. ए३३ मुख्यतः आतड्याच्या अस्तरात असतं, म्हणजे पुटिकेवर तिच्या गावाचं नाव होतं.

२०१४ मध्ये टोकियोच्या ताकाहिरो ओचिया यांच्या गटानं अवघ्या पाच मायक्रोलिटर सीरममध्ये दोन प्रथिनं एकत्र शोधली. सीडी९ हे अनेक पुटिकांवर असतं, तर सीडी१४७ आतड्याच्या कॅन्सरच्या पुटिकांवर जास्त आढळलं. युक्ती अशी, की दोन्ही प्रथिनं एकमेकांच्या अगदी जवळ असतील तरच प्रकाश उमटतो. रुग्णांत हा प्रकाश निरोगी लोकांपेक्षा जास्त निघाला.

इथे आपल्याला माँट्रियलचा पहिला धागा आठवायला हवा. समजा, दहा हजार वरवर निरोगी माणसं तपासली आणि त्यांत पन्नास जणांना कॅन्सर आहे. चाचणी शंभर रुग्णांतले नव्वद पकडते आणि शंभर निरोग्यांतल्या नव्वदांना बरोबर सोडते. ऐकायला छानच. पण मग पंचेचाळीस रुग्ण सापडतील आणि नऊशे पंचाण्णव निरोगी माणसं विनाकारण घाबरतील, त्यांना कोलोनोस्कोपीला जावं लागेल. शिवाय रक्त काढल्यावर नमुना नीट हाताळला नाही, तर प्लेटलेट्स आणखी पुटिका सोडतात. चरबीचे कणही त्यांच्यात मिसळतात. म्हणूनच या क्षेत्रातल्या आंतरराष्ट्रीय संघटनेला २०१४, २०१८ आणि पुन्हा २०२३ मध्ये मोजणीचे नियम लिहावे लागले.

म्हणून 'रक्ताच्या थेंबातून कॅन्सर कळणार' अशी बातमी वाचली, की आपण दोन प्रश्न विचारू. तपासलेले रुग्ण सुरुवातीच्या अवस्थेतले होते का? आणि दुसऱ्या ठिकाणी, दुसऱ्या लोकांवर तोच निकाल आला का? तोवर शौचातलं न दिसणारं रक्त शोधणारी साधी चाचणी आणि कोलोनोस्कोपी हीच आपली भरवशाची साधनं आहेत. शौचातून रक्त जात असेल किंवा पोटाची सवय बदलून तशीच राहिली असेल, तर 'मूळव्याध असेल' म्हणून अंगावर काढू नका. पुटिकांची चाचणी येईल तेव्हा येईल, डॉक्टरांकडे मात्र आधी जा.

आता तुमचे प्रश्न घेऊ.