एका विशेषणाचा खटला : नरक, शाश्वत दंड आणि व्हिक्टोरियन इंग्लंड

१८५३ च्या ऑक्टोबर महिन्यात लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या नियामक मंडळाने फ्रेडरिक डेनिसन मॉरिस या प्राध्यापकाला अध्यापनातून दूर केले. मॉरिस या संस्थेत १८४० पासून इंग्रजी साहित्य आणि इतिहास शिकवीत होता. १८४६ पासून धर्मशास्त्राचे अध्यापनही त्याच्याकडे आले होते. त्याने नरकाचे अस्तित्व नाकारले नव्हते, की सर्व पापी अखेर मुक्त होतील असेही म्हटले नव्हते. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ‘थिऑलॉजिकल एसेज’ या ग्रंथातील अखेरच्या निबंधात त्याने एका विशेषणाचा रूढ अर्थ अमान्य केला होता. या विशेषणाचा अर्थ ‘न संपणारे’ असा घ्यावयाचा की नाही, यावर पुढील तीस वर्षे इंग्लंडमधील चर्च, विद्यापीठे आणि अखेर न्यायालये झगडत राहिली.

नरकविषयक ख्रिस्ती कल्पनांचा वाङ्मयीन अभ्यास सामान्यतः प्रतिमांच्या अंगाने होतो. अग्नी, गंधक, कृमी, दांत्याने रचलेली उतरती वर्तुळे ही त्याची परिचित सामग्री होय. एकोणिसाव्या शतकातील इंग्लिश वादात मात्र प्रतिमांना आश्चर्यकारक रीत्या दुय्यम स्थान होते. अग्नी भौतिक आहे की रूपकात्मक, याबद्दल कर्मठ पक्षही फारसा आग्रही नव्हता. आग्रह होता तो कालावधीचा, आणि कालावधीचे सारे प्रमाण एका ग्रीक शब्दात साठविलेले होते.

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात अंतिम न्यायाचे वर्णन आहे. मेंढपाळ मेंढरे आणि शेरडे वेगळी करतो, तशी माणसे वेगळी केली जातात. एक समूह दंडाकडे जातो, दुसरा जीवनाकडे. या दंडाला आणि या जीवनाला मूळ ग्रीक संहितेत एकच विशेषण लावलेले आहे : ‘आयोनिओस’. ते ‘आयोन’ या नामापासून साधलेले आहे, आणि ‘आयोन’ म्हणजे युग, कालखंड, आयुष्य. तिसऱ्या शतकातील ऑरिजेनला ग्रीक ही परकी भाषा नव्हती, आणि तरीही (किंवा म्हणूनच) दंड हा शुद्धीसाठी असतो व अखेरीस सर्व सृष्टी ईश्वराकडे परतेल, अशी मांडणी तो करू शकला. सहाव्या शतकात त्याची मते धिक्कारली गेली. त्याआधीच पाचव्या शतकाच्या पूर्वार्धात ऑगस्टिनने आपल्या ‘देवनगरी’ या ग्रंथाच्या एकविसाव्या भागात लॅटिन ख्रिस्ती जगापुरता हा प्रश्न मिटविला होता. त्याचा युक्तिवाद धर्मशास्त्रीय कमी आणि व्याकरणिक अधिक आहे. एकाच वाक्यात, एकाच विशेषणाने, दोन अवस्था समोरासमोर ठेविल्या आहेत. जीवन अनंत आणि दंड तेवढा मर्यादित, असे म्हणणे हास्यास्पद होय. या युक्तिवादाची ताकद अशी की तो नाकारावयाचा तर स्वर्गाचे अनंतत्वही पणाला लागते. इंग्लिश कर्मठांनी १८५३ पासून १८८० पर्यंत जे म्हटले त्यात यापलीकडे नवे असे फारच थोडे आहे.

मधल्या शतकांत शंका नव्हत्या असे नव्हे; त्या उच्चारावयाच्या की नाहीत, हा प्रश्न होता. टॉमस बर्नेट (मृत्यू १७१५) याने अनंत दंडाची कल्पना असह्य ठरविली, पण ती लॅटिनमध्ये, आणि हा मजकूर लोकभाषेत आणणाऱ्याचा त्याने आगाऊ निषेध करून ठेविला. विद्वानांनी दया वाचावी, सामान्यांनी भय ऐकावे, अशी ही विभागणी. भय गेले की शपथ, मालमत्ता आणि आज्ञाधारकपणा कशाच्या बळावर टिकणार, ही चिंता तिच्यामागे आहे. डी. पी. वॉकरने आपल्या ‘द डिक्लाइन ऑफ हेल’ (१९६४) या ग्रंथात सतराव्या शतकातील या दुहेरी शिकवणुकीचा माग काढला आहे. एका संहितेचे दोन वाचकवर्ग कल्पून त्यांच्यासाठी दोन अर्थ राखून ठेवण्याची ही रीत मॉरिसच्या काळात निरुपयोगी झाली होती. मॉरिस इंग्रजीत लिहीत होता.

मॉरिसचे म्हणणे थोडक्यात असे. योहानकृत शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायात ‘आयोनिओस’ जीवनाची व्याख्याच दिलेली आहे, आणि ती व्याख्या ईश्वराला ओळखण्याची आहे. कालावधीचा तिच्यात उल्लेख नाही. तेव्हा हे विशेषण प्रमाणवाचक नसून गुणवाचक आहे. शाश्वत मृत्यू म्हणजे ईश्वरी प्रेमापासून तुटणे. ती अवस्था किती काळ टिकते हा प्रश्नच चुकीच्या जागी विचारलेला आहे. ऑगस्टिनच्या समांतरतेला येथे बगल दिलेली नाही, ती पूर्णपणे स्वीकारली आहे. दोन्ही ठिकाणी विशेषण एकच आहे, म्हणून दोन्ही ठिकाणी अर्थही एकच घ्यावा, फक्त तो कालवाचक नसावा, इतकाच मॉरिसचा आग्रह. वादातील सर्वांत मूलगामी चाल हीच म्हणावी लागते. दुर्दैवाने ती अशा धुकट, स्वतःशीच पुटपुटणाऱ्या गद्यात केलेली आहे की विरोधकांना ती पळवाट वाटली, आणि अनेक चाहत्यांनाही तिचा नेमका आशय सांगता आला नाही. कॉलेजचा प्राचार्य जेल्फ याने पत्रांमागून पत्रे पाठवून एकच विचारले : दंड संपतो की संपत नाही? ज्या प्रश्नाची वैधताच मॉरिसला मान्य नव्हती त्याचे होय-नाही असे उत्तर तो देऊ शकत नव्हता. न देणे हीच कबुली ठरली.

आपल्या बचावासाठी मॉरिसने पुढे केलेला एक ऐतिहासिक पुरावा लक्षणीय आहे. १५५३ मध्ये इंग्लिश चर्चने बेचाळीस धर्मकलमे मांडली होती. त्यांतील शेवटचे कलम सर्वांच्या अंतिम मुक्तीची आशा धरणाऱ्यांचा धिक्कार करणारे होते. दहा वर्षांनी झालेल्या पुनर्रचनेत ते गाळले गेले. एकोणचाळीस कलमांच्या रूढ संहितेत त्याचा मागमूस नाही. मॉरिसच्या मते हे मौन अर्थपूर्ण होते. जेल्फच्या मते गाळलेल्या कलमावरून काहीच सिद्ध होत नव्हते. मंडळाचा एक सदस्य ग्लॅडस्टन याने प्रश्न तज्ज्ञ धर्मशास्त्र्यांकडे सोपवावा अशी दुरुस्ती सुचविली. ती फेटाळली गेली. मॉरिसला दोन्ही अध्यासने सोडावी लागली. जानेवारी १८५४ मध्ये टेनिसनने त्याला आपल्या घरी येण्याचे निमंत्रण देणारी कविता लिहिली. कवीच्या मुलाचा तो धर्मपिता होता.

शब्दार्थाचा हा वाद एका विशेषणापुरता राहिला नाही. हेन्री मॅन्सेलने १८५८ च्या बॅम्प्टन व्याख्यानांत असे प्रतिपादन केले की ईश्वराचे चांगुलपण मानवी चांगुलपणाच्या मापाने मोजता येत नाही. तेव्हा नरक अन्याय्य वाटतो हा आक्षेपच निराधार ठरतो. मॉरिसने याला दुसऱ्याच वर्षी उत्तर दिले. पण खरा प्रहार झाला तो चर्चबाहेरून. जॉन स्टुअर्ट मिलने १८६५ मध्ये सर विल्यम हॅमिल्टनच्या तत्त्वज्ञानाची चिकित्सा करताना विचारले की, माणसाला लावताना ज्या अर्थाने ‘चांगला’ म्हणावयाचे त्या अर्थाने ईश्वराला म्हणावयाचे नसेल, तर तो शब्द वापरण्याचे प्रयोजन काय? असा शब्द न वापरल्याबद्दल नरकात जावे लागणार असेल, तर तेथे जाण्याची आपली तयारी आहे, असे त्याने बजावले. या वाक्याची कीर्ती त्यातील बाणेदारपणामुळे झाली. पण त्याच्या मुळाशी असलेला मुद्दा भाषाविषयक आहे. एका वाक्यात एक अर्थ आणि दुसऱ्या वाक्यात त्याच्या उलट अर्थ धारण करणारे विशेषण स्तुतीच्या कामी येऊ शकत नाही. ऑगस्टिनने जी समांतरता दंडाच्या बाजूने वापरली, तीच येथे त्याविरुद्ध वळविलेली आहे.

दरम्यान १८६० मध्ये ‘एसेज अँड रिव्ह्यूज’ हा सात लेखकांचा संग्रह निघाला आणि वाद न्यायालयात गेला. त्यातील एक लेखक हेन्री ब्रिस्टो विल्सन याने अविकसित आत्म्यांसाठी मृत्यूनंतर जणू एखादी संगोपनशाळा असावी आणि अखेरीस सर्वांना आश्रय मिळावा, अशी आशा व्यक्त केली होती. गंमत अशी की १८४१ मध्ये न्यूमनने धर्मकलमांचा सोयीस्कर, ताणलेला अर्थ लावल्याबद्दल ऑक्सफर्डमधील ज्या चार अध्यापकांनी जाहीर निषेध केला, त्यांपैकी विल्सन एक होता. वीस वर्षांनी त्याचा स्वतःचा बचाव धर्मकलमे काय म्हणत नाहीत यावर उभा होता. १८६२ मध्ये चर्चच्या न्यायालयाने त्याला दोषी ठरविले. ८ फेब्रुवारी १८६४ रोजी प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायसमितीने तो निर्णय फिरविला. निर्णय वाचणारा लॉर्ड चॅन्सेलर वेस्टबरी याची भूमिका सावध होती. खरे धर्ममत कोणते हे ठरविणे न्यायालयाचे काम नाही. चर्चच्या अधिकृत संहितांत दुर्जनांच्या अंतिम क्षमेची आशा व्यक्त करणे दंडनीय ठरेल इतके स्पष्ट विधान आढळते काय, एवढेच त्याने पाहावयाचे. असे विधान आढळले नाही. खर्चासह नरकाचा दावा फेटाळला आणि कर्मठांची अनंत शिक्षेची शेवटची आशाही हिरावून घेतली, असा वेस्टबरीचा विनोदी मृत्युलेख मग प्रचलित झाला.

ही न्यायसमिती भारतीय वाचकाला परकी नाही. मुंबई, मद्रास आणि कलकत्ता येथील उच्च न्यायालयांवरील अपिले तिच्याचपुढे चालत. १८६८ मध्ये मदुरेच्या कलेक्टरच्या गाजलेल्या खटल्यात, विधवेच्या दत्तकाधिकारासंबंधी, याच समितीने हिंदू कायद्यात रूढीचा स्पष्ट पुरावा लिखित शास्त्रवचनाहून वरचढ मानला जावा, असे तत्त्व सांगितले. विल्सनच्या खटल्यात तिने नेमके उलट केले होते. शतकानुशतकांची रूढ श्रद्धा, प्रवचने, प्रश्नोत्तरावल्या हे सारे बाजूस ठेवून केवळ अधिकृत मजकुराची अक्षरे तपासली होती. एकीकडे आरोपीला शिक्षा करावयाची होती, दुसरीकडे वारसा ठरवावयाचा होता, हा फरक खराच. तरीही संहिता आणि परंपरा यांपैकी अर्थाचा धनी कोण, या प्रश्नाची दोन उत्तरे चार वर्षांच्या अंतराने एकाच व्यासपीठावरून दिली गेली, हे नोंदवावेसे आहे.

निर्णयाने खळबळ उडाली. ऑक्सफर्डमधून प्रसृत केलेल्या जाहीरनाम्यावर, शापितांचा दंड नीतिमानांच्या जीवनाइतकाच अनंत आहे असे प्रतिपादून, सुमारे ११,००० धर्मोपदेशकांनी सह्या केल्या. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे दोन पक्ष, प्यूसीचा उच्चचर्चवादी आणि इव्हँजेलिकल, येथे एकत्र आले. जाहीरनाम्याचे शब्द पुन्हा ऑगस्टिनच्याच तराजूचे आहेत. सह्यांनी अर्थ सिद्ध होत नाही, हे उघड असूनही ती मोहीम काढावी लागली, यातच न्यायालयाने निर्माण केलेल्या पोकळीचे मोजमाप होते.

याच सुमारास नाताळचा बिशप कोलेन्सो याने रोमकरांस पत्रावरील आपल्या भाष्यात (१८६१) अनंत दंड नाकारला. त्याचे कारण पुस्तकी नव्हते. ख्रिस्ताचे नावही न ऐकता मेलेल्या झुलू पूर्वजांचे काय, या प्रश्नापुढे त्याला रूढ उत्तर देववेना. मिशनऱ्यांच्या ग्रंथांत हा प्रश्न सहसा धर्मांतराची निकड पटविण्यासाठी येतो. येथे तो उलटून सिद्धान्तावरच आला.

नरकावरील संशय शेवटी राष्ट्राच्या मध्यवर्ती व्यासपीठावरून उच्चारला गेला तो १८७७ च्या हिवाळ्यात. वेस्टमिन्स्टर ॲबीत प्रवचने देणारा फ्रेडरिक विल्यम फरार १८३१ मध्ये मुंबईत जन्मला होता. वडील चर्च मिशनरी सोसायटीचे मिशनरी. किंग्ज कॉलेजमध्ये तो मॉरिसचा विद्यार्थी होता. त्याची दुसरी ओळख भाषाभ्यासकाची : भाषेच्या उत्पत्तीवरील ग्रंथामुळे त्याचे नाव झाले आणि १८६६ मध्ये डार्विनच्या शिफारशीने तो रॉयल सोसायटीत निवडला गेला. ‘इटर्नल होप’ या नावाने १८७८ मध्ये पुस्तकरूप झालेल्या या प्रवचनांत गुरूचे तत्त्वचिंतन थोडे आणि शिष्याचे शब्दशास्त्र फार आहे. इंग्रजी बायबलातील ‘हेल’, ‘डॅम्नेशन’ आणि ‘एव्हरलास्टिंग’ हे तीन शब्द आता मुळाला न्याय देत नाहीत, तेव्हा ते काढून टाकावेत, अशी त्याची मागणी होती. शिओल, हेडिस आणि गेहेन्ना या तीन वेगळ्या कल्पना (मृतांचा छायालोक, त्याचे ग्रीक रूप आणि यरुशलेमजवळील हिन्नोमच्या दरीवरून आलेले दंडस्थानाचे नाव) १६११ च्या भाषांतरात एकाच ‘हेल’मध्ये विरघळल्या होत्या. फरारचे वक्तृत्व आज भडक वाटते. सर्वांची मुक्ती निश्चित आहे असे मात्र त्यानेही म्हटले नाही. त्याची झेप आशेपर्यंतच आहे.

ऐंशी वर्षांच्या प्यूसीने १८८० मध्ये त्याला सविस्तर उत्तर दिले. दंडाचे अनंतत्व त्याने सोडले नाही. पण बहुसंख्य मानवजात नरकात जाते हे श्रद्धेचे अंग नाही, मृत्यूनंतर शुद्धी संभवते आणि भौतिक अग्नी मानणे बंधनकारक नाही, एवढे त्याने मान्य केले. नरक अनंत राहिला. तो जवळजवळ रिकामा असण्याची शक्यता मात्र खुली झाली. फरारने १८८१ च्या आपल्या प्रत्युत्तरात या सवलतींचे स्वागत केले. सवलतींपर्यंत न थांबणारेही होते. डार्विनने आपल्या आत्मवृत्तात, हा सिद्धान्त खरा मानला तर आपले वडील, भाऊ आणि जवळचे जवळजवळ सर्व मित्र अनंतकाळ दंडित होतील, म्हणून तो खरा असावा अशी इच्छाही कोणी कशी धरू शकेल, असे लिहिले. पत्नी एमाच्या इच्छेनुसार ते वाक्य १८८७ च्या आवृत्तीतून वगळले गेले आणि १९५८ मध्येच छापले गेले.

१८८१ मध्ये नव्या कराराचे सुधारित इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले. फरारच्या तीन मागण्यांचे भवितव्य त्यात वाचता येते. ‘डॅम्नेशन’ गेले. हेडिस आणि गेहेन्ना पुन्हा वेगळे झाले. तिसऱ्या शब्दाचे झाले ते अनपेक्षित. १६११ च्या भाषांतरकारांनी शैलीच्या विविधतेसाठी मत्तयाच्या त्या वाक्यात दंडाला ‘एव्हरलास्टिंग’ आणि जीवनाला ‘इटर्नल’ अशी दोन विशेषणे योजली होती. समांतरता इंग्रजी कानाला दिसेनाशी झाली होती. सुधारकांनी काटेकोरपणाने दोन्हीकडे ‘इटर्नल’ केले. मॉरिसला हवे असलेले विशेषण दंडाला मिळाले, आणि त्याच क्षणी ऑगस्टिनचा तराजूही मुळाबरहुकूम परत आला.

मराठी बायबलाच्या रूढ भाषांतरात या ठिकाणी शिक्षा आणि जीवन दोन्ही ‘सार्वकालिक’ आहेत. हेडिससाठी ‘अधोलोक’ आणि गेहेन्नासाठी ‘नरक’ असा भेदही आहे. गोव्याच्या ख्रिस्ती कोंकणीने तर ‘यमकोंड’ हा शब्द यमाच्याच घरून घेतला. पण ‘नरक’ या शब्दाला मराठी कानात भोगाची मुदत चिकटलेली आहे. कर्म संपले की नरक संपतो, तसा पुण्य संपले की स्वर्गही संपतो. तमोयोग्य जीवांना कायमचा अंधःकार सांगणारे मध्वमत हा ठळक अपवाद. इंग्रजीत ‘हेल’ हे नामच अनंतत्व सुचवीत होते, आणि विशेषण ते मर्यादित करू शकेल काय, हा वाद होता. मराठीत नाम मुदतीचे आहे आणि अनंतत्वाचा सारा भार ‘सार्वकालिक’ या एका विशेषणाला वाहावा लागतो.