खाऱ्या पाण्याचा हिशेब

आमच्या कुर्ल्याच्या घरात माळ्यावर काचेची एक टाकी पडून आहे. तीन फूट लांब, दीड फूट उंच. सध्या तिच्यात जुने दिवाळी अंक ठेवले आहेत. पण तिच्या काचेवर, वरच्या कडेपासून चार बोटं खाली, मिठाची एक पांढरी रेघ अजून आहे. ती पुसायची असं दर वर्षी ठरतं आणि राहून जातं. आज त्या रेघेची गोष्ट सांगणार आहे. ती थोडी माझी आहे आणि बरीचशी इतिहासाची.

२००४ साल. माझी मुलगी तेव्हा सात वर्षांची होती. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेल्या माशाचा कार्टून सिनेमा तिनं पाहिला आणि तोच मासा हवा म्हणून हट्ट धरला. बायको म्हणाली, "गोल्डफिश आणा, तो तरी जगतो." पण मुलीला हवा होता तो क्लाउनफिश, खाऱ्या पाण्यातला. दुकानदारानं धीर दिला, "काही अवघड नाही साहेब. सगळं गोड्या पाण्यासारखंच, फक्त मीठ घालायचं." शनिवारी टाकी लावली, रविवारी जीव सोडले. दोन क्लाउनफिश, दोन निळे डॅमसेल मासे, तीन गोगलगायी आणि शंखात राहणारा एक खेकडा. पुढच्या रविवारी दोन्ही डॅमसेल तळाला लागले होते. पाणी मात्र आरशासारखं स्वच्छ.

स्वच्छ पाण्यात मासा का मरावा? माझा विज्ञानाशी संबंध दहावीला संपला. पुढे बी.ए. केलं, कविता लिहिल्या. पण एखादी गोष्ट कळली नाही की ती आधी कुणाला कळली नव्हती, हे शोधायची सवय होती. तशी शोधत गेलो आणि ध्यानात आलं, की माझ्या टाकीत जे जे चुकलं ते दीडशे वर्षांपूर्वीच कुणाच्या ना कुणाच्या काचेत चुकून झालं होतं.

१८५० साली रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञानं लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे एक निबंध वाचला. त्याच्या काचेच्या भांड्यात दोन गोल्डफिश होते आणि एक पाणवनस्पती. मासा कार्बन डायऑक्साइड सोडतो, वनस्पती त्याला प्राणवायू देते. जमाखर्च जुळायला हवा होता. पण पानं कुजू लागली आणि पाणी बिघडलं. मग त्यानं त्यात गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पानं संपवली, त्यांची अंडी माशांच्या पोटात गेली आणि हिशेब बसला. हे झालं गोड्या पाण्याचं. पुढे त्यानं समुद्राचं पाणी घेतलं तेव्हा काम इतकं सोपं राहिलं नाही. लाल आणि तपकिरी शेवाळ कुजायचं, हिरवं तेवढं तग धरायचं.

वॉरिंग्टनच्या जमाखर्चात एक रक्कम मांडलीच गेली नव्हती. मासा आपल्या कल्ल्यांतून अमोनिया टाकत असतो. तो दिसत नाही, पाणी गढूळ करत नाही, पण माशाला मारतो. त्याचा निचरा कोण करतं, हे कळायला १८७७ साल उजाडलं. श्लेझिंग आणि म्युन्ट्झ या दोघा फ्रेंच शास्त्रज्ञांनी वाळू आणि चुनखडीनं भरलेल्या नळीतून सांडपाणी सोडायला सुरुवात केली. जवळजवळ वीस दिवस काहीच घडलं नाही. मग पाण्यातला अमोनिया जाऊन नायट्रेट बाहेर येऊ लागलं. त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली, तसं काम बंद पडलं. क्लोरोफॉर्मनं गुंगी यायची तर जिवंत वस्तूलाच. म्हणजे त्या वाळूत कुणीतरी जिवंत होतं. पुढे १८९०च्या सुमारास विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञानं ते जिवाणू वेगळे करून दाखवले.

नव्या टाकीत हे जिवाणू वसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर पाणी कितीही स्वच्छ दिसलं तरी ती माशाला राहण्याजोगी जागा नसते. आम्ही मात्र धुऊन वाळवलेल्या ओसाड वाळूवर दुसऱ्याच दिवशी बिऱ्हाड बसवलं होतं.

दुसरी चूक तर माझ्या घराण्याला शोभणारी नव्हती. माझे अब्बा उरणच्या एका मिठागरावर हिशेबनीस होते. आई गेल्यावर ते आमच्याकडे राहायला आले. संध्याकाळी टाकीसमोर खुर्ची टाकून बसत. मे महिन्यात टाकीतलं पाणी आठवड्याला दोन-दोन बोटं उतरायचं. मी बादलीत मीठ कालवून ते भरून काढत होतो. गोगलगायी काचेला चिकटेनाशा झाल्या, त्यातली एक गेली. अब्बांनी एकदा विचारलं, "काय ओततोस?"

"समुद्राचं पाणी."

"अरे, उडालं ते नुसतं पाणी. मीठ कुठं उडतं? ते आहे तिथंच आहे. तू घरात मिठागर मांडलंयस."

ज्या वाफ्यांच्या बांधांवरून मी शाळेत गेलो, तिथे हेच तर चालायचं. भरतीचं पाणी आत घ्यायचं, उन्हानं ते उडवायचं, मागे राहील ते मीठ. समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. समुद्रातूनही पाणी उडतच असतं. पण पाऊस आणि नद्या त्याची भरपाई करतात. टाकीला नदी नसते. तिला रोज घोटभर गोडं पाणी द्यावं लागतं, आणि हे माहीत असण्याचा हक्क माझ्याइतका कुणालाच नव्हता.

तिसरा घोटाळा औषधाचा. माशांच्या अंगावर रव्यासारखे पांढरे ठिपके उठले. दुकानदारानं निळं औषध दिलं. त्यात तांबं होतं. ठिपके गेले, मासे बरे झाले. पण उरलेल्या गोगलगायी आणि खेकडा चार दिवसांत मेले. जे तांबं माशाला औषध, तेच गोगलगायीला आणि खेकड्याला विष. बाटलीवर तसं लिहिलं होतं, फार बारीक अक्षरात. मी वाचलं नव्हतं.

हे सगळं भोगून लोक हा छंद का करत राहिले? या वेडाची सुरुवात करून देणारा माणूस फिलिप हेन्री गॉस. इंग्लंडच्या डेव्हन किनाऱ्यावर खडकांतल्या डबक्यांतले जीव पाहण्यात तो रमायचा. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिलं सार्वजनिक मत्स्यालय उघडलं, त्यात त्याचा हात होता. १८५४ साली त्याचं ‘द ॲक्वेरियम’ हे पुस्तक आलं आणि हा शब्दच घरोघरी गेला. समुद्रापासून दूर राहणाऱ्यांसाठी त्यानं चार क्षार मिसळून समुद्राचं पाणी बनवायची कृतीही छापली. काळही अनुकूल होता. १८४५ साली काचेवरचा कर उठला होता, काच स्वस्त झाली होती. आगगाडी किनाऱ्यापर्यंत पोचली होती. माणसं सुट्टीत हातोडे, छिन्न्या आणि बरण्या घेऊन ओहोटीच्या खडकांवर उतरली. आणलेलं बहुतेक काही आठवड्यांतच मरायचं. मग पुन्हा किनारा, पुन्हा बरणी.

गॉसचा मुलगा एडमंड यानं १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत या किनाऱ्याबद्दल लिहिलं आहे. लहानपणी त्यानं पाहिलेली ती भरलेली डबकी ओरबाडली गेली होती. आणि आपल्या पुस्तकांनीच ही फौज तिथे आणली, हे उमगून त्याच्या वडिलांना फार क्लेश झाले होते. ज्यानं त्या डबक्यांवर सर्वांत जास्त प्रेम केलं, त्याच्याच हातून त्यांचा पत्ता फुटला.

हे वाचताना मला माझीच लाज वाटली. मी विकत घेतलेला मासा कुठल्या समुद्रातला, कसा पकडलेला, हे मी कधी विचारलंच नाही. १९६०च्या दशकापासून फिलिपीन्समध्ये शोभेचे मासे पकडायला प्रवाळांवर सायनाइड फवारलं जाऊ लागलं. मासा गुंगतो, हाती येतो आणि पुष्कळदा पुढच्या प्रवासात किंवा गिऱ्हाइकाच्या घरी मरतो. ते प्रवाळही मरतं. आपल्याकडे २००१ पासून प्रवाळांना आणि समुद्रघोड्यांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. तरी मला एका दुकानात मागच्या बाजूला नेऊन जिवंत पोवळ्याचा तुकडा दाखवला गेला होता. तो मी घेतला नाही, पण कायद्याला भिऊन नव्हे. कायदा मला ठाऊकच नव्हता. तो महाग होता.

गॉसचाच समकालीन विल्यम आल्फर्ड लॉइड. लंडनमध्ये त्यानं मत्स्यालयाच्या सामानाचं मोठं दुकान थाटलं. लाट ओसरली आणि त्याचं दिवाळं निघालं. पण त्यानं एक गोष्ट ओळखली होती. १८७१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या मत्स्यालयात त्यानं दिसणाऱ्या टाक्यांच्या खाली अंधारा हौद ठेवला. त्या हौदात वरच्यापेक्षा जास्त पाणी होतं, आणि ते सतत वर-खाली फिरत राही. म्हणजे काचेपलीकडे जेवढा समुद्र दाखवायचा, त्याहून मोठा समुद्र अंधारात सांभाळायचा. आपल्या मरीन ड्राइव्हवर १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते तारापोरवाला मत्स्यालय उघडलं. लहानपणी अब्बांचं बोट धरून मी तिथे गेलो आहे. काचेला नाक लावून पाहिलेले मासे आठवतात. भिंतीमागे कुठले पंप घरघरतात, ते रात्री कोण पाहतं, असा प्रश्न तेव्हा पडला नव्हता. तो पडला २६ जुलै २००५ला.

त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. दुपारी कुर्ल्याची वीज गेली. मी फोर्टात अडकलो आणि रुळांवरून, गुडघाभर पाण्यातून चालत दुसऱ्या दिवशी सकाळी घरी पोचलो. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर. खालची दोन कुटुंबं आमच्याकडे येऊन बसली होती. आणि अब्बा टाकीपाशी उभे होते. टाकीतून तांब्या भरायचा, हात उंच करायचा, धार परत टाकीत सोडायची. पंप बंद म्हणजे पाण्यात हवा नाही, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. रात्रभर ते आणि मुलगी आळीपाळीनं हेच करत होते. सुरुवातीला तिला खेळ वाटला होता. मग हात दुखू लागले, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या मुलानं तांब्या घेतला होता.

मीही उभा राहिलो. दुसरी रात्र गेली. वीज आली नाही. तिसऱ्या पहाटे अब्बा खुर्चीत झोपले होते, तांब्या मांडीवर होता आणि दोन्ही क्लाउनफिश पाण्यावर आले होते. निसर्गात हा मासा दहा वर्षांहून अधिक जगतो. आमच्याकडे एक वर्षही पुरं झालं नाही. बाहेर शहरात शेकडो माणसं गेली होती, त्यामुळे दोन माशांसाठी रडायचीही चोरी होती. मुलगी न्हाणीघरात जाऊन रडली.

पुढे बऱ्याच वर्षांनी ॲना थिन या बाईंची हकिगत वाचली. १८४६ साली, म्हणजे वॉरिंग्टन आणि गॉस यांच्याही आधी, त्यांनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळं लंडनला आणली. स्पंजाला सुई-दोऱ्यानं टाचून, दगडी बरणीत घालून. दर वेळी समुद्राचं ताजं पाणी कुठून आणायचं? मग त्यांनी तेच पाणी उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत राहण्याची युक्ती काढली. एका वेळी अर्धा-पाऊण तास. अर्थात ओतायच्या त्या स्वतः नव्हेत. हे दमवणारं काम त्यांची छोटी मोलकरीण करायची, आणि तिला ते गमतीचं वाटायचं असं बाईंनी लिहून ठेवलं आहे. प्रवाळं जगली, वाढली. समुद्रापासून दूर, काचेच्या आड समुद्र जिवंत ठेवण्याच्या पहिल्या यशांपैकी हे एक.

त्या मुलीचे हात संध्याकाळी दुखत असतील का, हा विचार माझ्या मनातून जात नाही. समुद्राच्या लाटा जे काम फुकट करतात, ते घरात करायचं तर कुणीतरी उभं राहावं लागतं. कधी मोलकरीण, कधी वाळूतले जिवाणू, कधी अंधारा हौद, कधी पासष्टीचा म्हातारा. आमची टाकी लागली तेव्हा समुद्र विकत मिळतो असं मला वाटलं होतं. त्याचं खरं बिल आलं ते असं.

अब्बा २०११ साली गेले. टाकी पुन्हा भरली नाही. मागच्या महिन्यात जुने अंक काढायला मुलीनं ती माळ्यावरून उतरवली. फडकं शोधत होती. मग थांबली, त्या पांढऱ्या रेघेवरून बोट फिरवलं आणि जिभेला लावून पाहिलं.

"अजून खारट आहे," म्हणाली, आणि फडकं ठेवून दिलं.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)