स्पर्शाची साक्ष

माणूस ज्या वस्तूला हात लावतो तिच्यावर आपली खूण मागे ठेवतो, ही गोष्ट गुन्ह्यांच्या तपासाला नवी नाही. १८९७ साली कलकत्त्यास बोटांच्या ठशांची कचेरी सुरू झाली, आणि ते ठसे वर्गवार लावण्याची पद्धत सिद्ध करण्यात अझीझुल हक व हेमचंद्र बोस या फौजदारांनी मोठा वाटा उचलला. परंतु ठसा पुसला गेला, किंवा खरबरीत कापडावर नीट उमटलाच नाही, तर ही साक्ष मुकी होते. अशा वेळीही स्पर्शाने मागे राहिलेल्या त्वचेच्या पेशी बोलू शकतात, हे कळावयास पुढे शंभर वर्षे जावी लागली.

१९८४ साली इंग्लंडातील लेस्टर विद्यापीठात ॲलेक जेफ्रीज यांनी डीएनएवरून व्यक्ती ओळखण्याची रीत शोधून काढली; पण तिच्यासाठी रक्ताचा चांगला मोठा डाग लागे. ही अडचण दूर झाली ती अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ कॅरी म्युलिस यांना १९८३ मध्ये सुचलेल्या पीसीआर नामक प्रक्रियेमुळे. तीत डीएनएचा हवा तो तुकडा प्रत्येक आवर्तनात दुप्पट होतो. अशी २८ आवर्तने झाली, की हिशेबाने एका तुकड्याचे २६ कोटींहून अधिक तुकडे होतात.

१९९७ साली मेलबर्नचे रोलंड व्हॅन ऊरशॉट व मॅक्सवेल जोन्स यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात एक छोटा लेख प्रसिद्ध केला. किल्ल्या, लेखण्या, टेलिफोन अशा नित्य हाताळल्या जाणाऱ्या वस्तूंवरून त्या वापरणाराचा डीएनए मिळतो, हे त्यांनी दाखविले. त्याच लेखात एक इशाराही होता. एकाचा डीएनए वस्तूच्या मार्फत दुसऱ्याच्या हातावर जाऊ शकतो! १९९९ पासून ब्रिटनमध्ये आवर्तने ३४ पर्यंत नेण्यात आली. त्यामुळे अत्यल्प पेशींचीही साक्ष मिळू लागली. पण आगंतुक पेशीही तितक्याच मोठ्याने बोलू लागल्या.

याचे प्रत्यंतर जर्मनीत आले. २५ एप्रिल २००७ रोजी हाइलब्रॉन शहरी एका पोलीस स्त्रीचा खून झाला. तिच्या मोटारीत मिळालेला डीएनए एका अज्ञात स्त्रीचा निघाला, आणि तोच जर्मनी, ऑस्ट्रिया व फ्रान्समधील सुमारे ४० गुन्ह्यांच्या जागी आढळला. तिच्या शोधासाठी ३ लाख युरोंचे बक्षीस लागले. मार्च २००९ मध्ये उलगडा झाला तो असा, की नमुने टिपण्याच्या कापसाच्या काड्या जेथे तयार होत, तेथील ती एक निरपराध कामगार होती. काड्या निर्जंतुक केलेल्या होत्या. पण त्याने जंतू मरतात, डीएनए नाहीसा होतोच असे नाही. खरे मारेकरी एका नवनाझी टोळीतले होते, हे २०११ साली उघड झाले.

कॅलिफोर्नियातील हकीकत याहून बोधप्रद आहे. २०१२ साली खून झालेल्या एका गृहस्थाच्या नखांखाली एका बेघर माणसाचा डीएनए मिळाला. खुनाच्या वेळी हा माणूस रुग्णालयात दाखल होता. तरीही त्याला पाच महिन्यांहून अधिक काळ तुरुंगात काढावा लागला. त्याची शुश्रूषा करणारे आरोग्यसेवकच काही तासांनी त्या गृहस्थाकडे गेले होते, आणि त्यांच्याकरवी त्या पेशी तेथे पोहोचल्या, असा निष्कर्ष निघाला. येथे प्रयोगशाळेचे उत्तर मुळीच चुकले नव्हते. पेशी त्याच्याच होत्या, हात मात्र त्याचा नव्हता.

तात्पर्य, पेशी कोणाच्या हा एक प्रश्न, आणि त्या तेथे कशा आल्या हा दुसरा. पहिल्याचे उत्तर प्रयोगशाळा देते; दुसऱ्याचे उत्तर जागा, वेळ, साक्षीदार व इतर पुरावा ताडून न्यायालयासच काढावे लागते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने, ७ वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैज्ञानिक तज्ज्ञाने घटनास्थळी जावे, असा दंडक टप्प्याटप्प्याने लागू करण्याचे ठरविले आहे. अशी साक्ष आता आपल्या न्यायालयांतही वाढत जाणार. तेव्हा पहिल्या उत्तराने दिपून जाऊन दुसरा प्रश्न विचारावयाचा राहू नये, एवढी दक्षता आपण बाळगली पाहिजे. कारण तो न विचारल्याची किंमत एखाद्या निरपराध्यालाच मोजावी लागते.