दांडीची वाट बोईसरवरून

पालघर जिल्ह्यातल्या उच्छेळी-दांडीच्या किनाऱ्यावर बांबूंवर बोंबील सुकतात. खाली वाळू, वर खारा वारा.

इथली वस्ती मुख्यतः मच्छीमारांची. मासा पकडणं अर्धंच काम. तो बाजारात वेळेवर पोचला तरच घर चालतं. म्हणून दांडीचा इतिहास जवळच्या बोईसर स्टेशनापासूनही सांगावा लागतो. या पट्ट्यातून मुंबईकडे लोहमार्ग 1864 मध्येच सुरू झाला. पुढे 1969 मध्ये तारापूरचं अणुवीज केंद्र सुरू झालं, औद्योगिक वसाहत आली आणि माणसांचा लोंढा बोईसरला थांबला. मुंबईची लोकल मात्र विरारपुढे डहाणूपर्यंत यायला 2013 उजाडलं. जवळजवळ दीडशे वर्षं! हा उशीर खटकतोच, कारण पाटीतला ताजा मासा थांबत नाही.

2014 मध्ये ठाणे जिल्ह्यातून वेगळा पालघर जिल्हा झाला. सरकारी कामासाठी ठाण्याला घालावा लागणारा हेलपाटा वाचला.