न जाळणारा प्रकाश

शस्त्रवैद्याच्या हातीं प्रकाशाचें शस्त्र यावें, ही कल्पना लेसरच्या जन्माबरोबरच निघाली. थिओडोर मेमन यांनीं १९६० सालीं माणकाच्या कांडींतून पहिला लेसर-किरण काढला; पुढच्याच वर्षाच्या अखेरीस न्यूयॉर्क येथें एका रुग्णाच्या नेत्रपटलावरील गांठ त्या किरणानें जाळण्यांत आली. ‘जाळण्यांत’ हा शब्द मी जाणून वापरीत आहें. तो किरण काम करी तें उष्णतेनें. जेथें डागच द्यावयाचा तेथें हें ठीक. पण जेथें शेजारची पेशीहि करपतां कामा नये, तेथें असलें शस्त्र काय उपयोगाचें?

उत्तर आलें तें रुग्णालयांतून नव्हे. न्यूयॉर्क राज्यांत यॉर्कटाउन हाइट्स येथें आय. बी. एम. कंपनीची संशोधनशाळा आहे. मद्रासेंत जन्मलेले रंगस्वामी श्रीनिवासन तेथें डोळ्यांस न दिसणाऱ्या अतिनील किरणांनीं प्लॅस्टिक कोरीत असत. २७ नोव्हेंबर १९८१ रोजीं, थँक्सगिव्हिंग सणाच्या दुसऱ्या दिवशीं, त्यांनीं मेजवानींतून उरलेला टर्की पक्ष्याचा तुकडा प्रयोगशाळेंत आणला. जेम्स विन व सॅम्युएल ब्लम हे त्यांचे सहकारी. हिरव्या लेसरनें पाडलेल्या खांचेच्या कडा भाजलेल्या निघाल्या. १९३ नॅनोमीटरच्या एक्झायमर लेसरची खांच मात्र स्वच्छ. हा किरण अत्यंत पातळ थरांतच शोषला जातो, तेथील रेणूंचे बंध तुटतात, आणि उष्णता शेजारीं पसरण्यापूर्वींच तुटलेले कण ती घेऊन उडून जातात. ही कथा योगायोगाची म्हणून सांगतात. मला तें पटत नाहीं. टर्की योगायोगानें आली असेल, पण तिच्यांत काय पाहावें हें प्लॅस्टिकनें आधींच शिकविलें होतें.

१९८३ सालीं नेत्रवैद्य स्टीफन ट्रोकेल यांनीं श्रीनिवासन यांच्यासह जनावरांच्या काढलेल्या डोळ्यांवर हा किरण सोडला. डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, कॉर्निया, प्रत्येक स्पंदागणिक मिलिमीटरच्या सुमारें चार हजाराव्या भागाएवढा झिजे. मग सुरीसारख्या चिरा कशाला? पडद्याचा आकारच घडवावा, म्हणजे चष्म्याचें काम तोच करील!

परंतु काढलेल्या डोळ्याची जखम भरून येत नाहीं. १९८८ सालीं न्यू ऑर्लीन्स येथें डॉ. मार्गरीट मॅक्डोनाल्ड यांच्या संशोधनासाठीं एक बाई स्वतः होऊन पुढें आल्या. कर्करोगामुळें त्यांचा एक डोळा काढावयाचा होता, मात्र त्याची दृष्टि शाबूत होती. जाणारा डोळा जाण्यापूर्वी कामास येऊं द्या, एवढीच त्यांची इच्छा. शस्त्रक्रिया झाली, कांहीं दिवसांनीं डोळा काढला, आणि दृष्टि असलेल्या मानवी डोळ्यांत ही जखम कशी भरते तें सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतां आलें.

अमेरिकन सरकारची मंजुरी या उपचारास १९९५ सालीं मिळाली.