हत्ती गेला, नाव राहिले

बेळगाव-निपाणीच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना नावाचे मोल निराळे समजावून सांगावे लागत नाही. शिलालेखांतील वेणुग्राम, मराठी मुखातील बेळगाव, इंग्रजी दप्तरातील बेलगाम आणि १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदोपत्री आलेले बेळगावी, अशी एकाच गावाची चार रूपे आम्ही जाणतो. म्हणूनच नाव कोण देतो आणि कोणाचे टिकते, हा प्रश्न आम्हांस केवळ पांडित्याचा वाटत नाही. घाटाखालच्या समुद्रातील काही बेटांना युरोपीय दर्यावर्द्यांकडून जी नावे मिळाली, त्यांच्या कथा या दृष्टीने पाहण्याजोग्या आहेत.

दिसेल त्या भूमीस नाव देणे ही त्या दर्यावर्द्यांची रीतच होती. नाव देणे हा ताबा सांगण्याचाच एक प्रकार. १४९२ मध्ये कोलंबसाने आपल्या पहिल्या बेटास सान साल्वादोर म्हटले. तेथील लोक त्यास ग्वानाहानी म्हणतात, हेही त्यानेच लिहून ठेवले. १४९८ मध्ये परतीच्या वाटेवर असलेल्या वास्को द गामाने आपल्या किनाऱ्यालगतच्या एका बेटावर दगडी स्तंभ उभारून त्यास सांता मारिया हे नाव दिले. उडुपीनजीक मलपेसमोरची बेटे आज सेंट मेरी म्हणून ओळखली जातात, ती त्यावरूनच. कारवारजवळच्या अंजदीवावर मात्र पोर्तुगिजांनी १५०५ मध्ये किल्ला बांधला, तरी नाव जुनेच चालविले.

दुसरा प्रकार अपभ्रंशाचा. सहासष्ट गावांची म्हणून साष्टी. तिचे पोर्तुगीज जिभेवर साल्सेत झाले, मुंबईकडेही आणि गोव्यातही. इंग्रजांनी खांदेरी-उंदेरीचे केनरी-हेनरी केले. जणू उंदेरी म्हणजे कोणी हेन्रीसाहेबच!

सर्वांत बोधप्रद कथा घारापुरीची. १५३४ मध्ये वसईच्या तहानंतर हे बेट पोर्तुगिजांकडे आले. उतरण्याच्या जागेजवळ एक भव्य पाषाणी हत्ती उभा होता. त्यावरून त्यांनी बेटास हत्तीचे बेट म्हटले आणि पुढे एलिफंटा हे नाव रूढ झाले. गार्सिया द ओर्ता या वैद्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. त्यात तो सांगतो की, या बेटाचे नाव पोरी असून आम्ही त्यास हत्तीचे बेट म्हणतो. म्हणजे बेट निनावी नव्हते, आणि हे नाव देणाऱ्यांनाही ठाऊक होते. पुढे १८१४ मध्ये त्या हत्तीची मान तुटून पडली. १८६४ मध्ये त्याचे अवशेष मुंबईस नेण्यात आले. तुकडे सांधलेला तो हत्ती आज भायखळ्यास डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. ज्याच्यामुळे नाव पडले तो हत्ती बेटावर उरला नाही. नाव मात्र जगाच्या नकाशावर राहिले.

तथापि कथा येथे संपत नाही. राजबंदर, शेतबंदर, मोराबंदर या तेथील वस्त्यांतील लोक आपल्या बेटास घारापुरीच म्हणत आले, आणि ग्रामपंचायतही त्याच नावाची आहे. नकाशावरचे नाव दर्यावर्दी देऊ शकतो. मुखातले नाव राखणे हे तेथे नांदणाऱ्यांचेच काम.

आमच्या सीमाभागास यातून एक गोष्ट घेण्याजोगी आहे. गावांच्या पाट्यांवरील अक्षरांविषयी आम्ही हिरिरीने बोलतो; परंतु शेतांची, ओढ्यांची, माळांची, पाणवठ्यांची मराठी आणि कानडी नावे वृद्धांच्या मुखात आहेत, ती कोणी टिपून ठेवायची? त्यांचा लोप व्हावयास कोणा परक्या दर्यावर्द्याने येण्याची गरज नाही. आपण ती विचारली नाहीत, एवढे पुरे आहे.